पुढून उचललेली पिकअप महिन्याभरात परत बसते, तेव्हा

"टॉर्शन बारचा बोल्ट दोन फेरे आवळला, गाडी वर आली. महिन्याने बघतो तर परत होती तिथेच." हे गाऱ्हाणं मी आधी मस्कतजवळ बरका गावातल्या गॅरेजात हिंदी-अरबीच्या खिचडीत ऐकायचो, आता चिपळुणात मराठीत ऐकतो. गाडी निराळी, रस्ता निराळा, दुखणं तेच. उपायही सगळीकडे तोच: अजून दोन फेरे. मग अजून दोन. शेवटी बोल्टाचे आटे संपतात, गाडी प्रत्येक गतिरोधकावर ठोकर खाते, पुढचे टायर एका बाजूने झिजतात आणि सगळा दोष बारच्या माथी जातो.

बोल्ट उंची जुळवण्यासाठी दिलाय, बसलेली गाडी बरी करण्यासाठी नाही. एकदा नीट जुळवलेली उंची महिन्यात उतरली, तर कुठेतरी काहीतरी सरकतंय किंवा तुटतंय. ते सापडेपर्यंत पाना पेटीतच राहू द्या.

आधी आपल्या गाडीला हा बार आहे का ते बघा. पुढच्या चाकामागे वाकून बघितलं आणि शॉकअपभोवती गुंडाळी स्प्रिंग दिसली, तर पुढचं वाचायची गरज नाही. स्प्रिंग नाही, पाटे नाहीत, आणि आर्मपासून (चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यापासून) चेसिसच्या कडेने मागे जाणारी बोटभर ते दीड बोट जाडीची सरळ कांब दिसली, तर तो टॉर्शन बार. आखातात मी सगळ्यात जास्त बघितल्या त्या निसानच्या डी-२२ पिकअप आणि २००५ च्या आधीच्या चार बाय चार हायलक्स. आपल्याकडे टॅव्हेरा, क्वालिस, स्टॉर्म येण्याआधीची सफारी आणि जुनी पजेरो यांना पुढे हाच बार आहे. पिकअप असो की प्रवासी गाडी, तपासण्याची पद्धत एकच.

या कांबीचं एक टोक आर्ममध्ये, काही गाड्यांत खालच्या तर काहींत वरच्या, दात्यांमध्ये बसलेलं असतं. दुसरं टोक मागे चेसिसच्या आडव्या पट्टीपाशी एका छोट्या दांड्यात. त्याला आम्ही अँकर म्हणतो. चाक वर गेलं की कांबीला पीळ पडतो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. अँकरला जो लांब बोल्ट असतो तो आवळला की अँकर फिरतो, कांब फिरते, आर्म खाली जातो आणि गाडी वर येते.

आता एक गोष्ट जी अनेक जुन्या मेकॅनिकांनाही पटत नाही. बोल्ट आवळल्याने उभ्या गाडीतल्या बारचा पीळ वाढत नाही. चाकावरचं वजन तेवढंच राहतं, म्हणून बार जेवढा पिळला होता जवळपास तेवढाच पिळलेला राहतो; फक्त त्याची सुरुवात पुढे सरकते. म्हणून बोल्ट आवळून गाडी 'कडक' होत नाही. कडकपणा कांबीच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, आणि जाडीचा हिशेब चौथ्या घाताने चालतो: जाडी फक्त १० टक्के वाढवली तर कडकपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. मग आवळल्यावर गाडी धडधडते का? कारण आर्मला खाली लटकायला जागा उरत नाही. चाक खड्ड्यात उतरलं की आर्म लगेच रिबाउंडच्या, म्हणजे त्याला खाली जाताना अडवणाऱ्या, रबरी स्टॉपरवर आपटतो. तुम्हाला वाटतं स्प्रिंग कडक झाली. खरं तर तिची अर्धी चाल तुम्ही खाऊन टाकलीत.

पहिला संशय उंचीवरच

पुष्कळ वेळा गाडी परत बसलेलीच नसते. ती वर आलीच नव्हती.

जॅकवर घेतलेल्या गाडीची पुढची चाकं लटकतात आणि लटकताना थोडी आत ओढली जातात. खाली उतरवल्यावर टायर जमिनीला घट्ट धरून राहतात, बाहेर सरकत नाहीत, आणि गाडी त्यांच्यावर उंच उभी राहते. ही उंची खोटी. शंभर मीटर पुढे-मागे चालवून, दोनदा ब्रेक मारून, बंपर धरून चार-पाच वेळा दाबून सोडल्यावर जी उरते ती खरी. मी तरुण होतो तेव्हा जॅक काढल्याकाढल्या टेप लावून गिऱ्हाइकाला खूष करायचो. आमच्याकडे पेशावरचे एक उस्ताद होते, ते शेजारून म्हणायचे, "ये गाडी नहीं, ये जॅक नापा तूने." संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक परत यायचं.

मोजायचं कुठून, हेही ठरवून घ्या. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर त्यात टायरची हवा आणि झीज येते. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकं मोजा, फक्त पुढची नाही. फरशी सपाट, चारी टायरांत कंपनीने सांगितलेली हवा, हौदा रिकामा, टाकीत अंदाजे अर्धं डिझेल. आणि आकडे कागदावर लिहा. "साधारण चार बोटं" हे माप महिन्याने कुणालाच आठवत नाही.

एकच बाजू खाली असेल तर घाई करू नका. डावीकडे पुढून झुकलेली गाडी कित्येकदा मागून आजारी असते. चिऱ्याच्या खाणीवरून येणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं: मागचा एक पाटा मोडलेला असतो, गाडी तिरकी बसते, आणि डोळ्याला दिसतं फक्त पुढचं मडगार्ड. तपासायची एक सोपी युक्ती आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पाचर लावा आणि मागचा अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर, डिफरन्शियलखाली (मधल्या फुगीर गोळ्याखाली) जॅक लावून, दोन्ही चाकं जेमतेम सुटतील एवढा उचला. आता मागचा भाग एका बिंदूवर टेकलाय, त्याला कलायची ताकद नाही. पुढचं झुकणं गेलं तर रोग मागे आहे. तसंच राहिलं तर पुढे. गाडी एका जॅकवर आहे, तेव्हा खाली शिरायचं नाही. उभ्याने टेप लावा आणि उतरवा.

मोजताना अँटी-रोल बारची (डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या कांबीची) एक लिंक सोडून ठेवली तर डाव्या-उजव्याचा खरा फरक कळतो. तो बार एका बाजूचा दोष दुसऱ्या बाजूला वाटून देतो. त्यामुळे डावा बोल्ट आवळला की उजवी बाजूही थोडी हलते आणि माणूस दोन्हीकडे पळत बसतो.

रंगाची रेघ

उंची खरी आहे आणि तरी उतरते, असं ठरलं की एका छोट्या डबीतला पांढरा रंग काढा. बोल्टाच्या डोक्यावरून त्याच्या बैठकीवर एक रेघ. अँकर आणि बार जिथे जुळतात तिथे एक. पुढे बार आणि आर्म जुळतात तिथे एक. बोल्टाचे किती आटे बाहेर आहेत ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग गाडी महिनाभर चालवू द्या.

महिन्याने रेघ तुटलेली दिसली, तर दोष अँकरच्या बाजूला. चेकनट (बोल्टाला जागेवर अडकवून ठेवणारा नट) सैल असेल, बोल्ट उलटा फिरला असेल, दाते झिजून बार सरकला असेल. बोल्टाची रेघ जागेवर पण बाहेरचे आटे कमी-जास्त, तर बोल्टाचे किंवा नटाचे आटे मरताहेत. तो बोल्ट टाकून द्या, त्यावर वेल्डिंग करू नका. आडव्या पट्टीवर अँकर बसतो ती जागाही टोकून बघा. बरकाला समुद्राचं खारं वारं होतं, इथे चार महिने पाऊस आणि लाल चिखल. दोन्ही ठिकाणी मी ती पट्टी आतून गंजलेली बघितली आहे. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर उंची हा आता दुय्यम प्रश्न.

तीनही रेघा जिथल्या तिथे आणि गाडी मात्र खाली? मग दोनच संशयित उरतात: आर्मचे बुश (आर्म चेसिसला जोडतो तिथले रबरी तुकडे) किंवा बार स्वतः.

बुश हा सगळ्यात लपलेला चोर. त्याचं रबर बाहेरून आणि आतून दोन्हीकडे धातूला चिकटलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा ते घसरत नाही, पिळतं. बुश बदलताना गाडी जॅकवर, चाकं लटकलेली. मेकॅनिक तशातच आर्मचा बोल्ट शेवटपर्यंत आवळतो. म्हणजे रबर 'लटकलेल्या' अवस्थेत पकडलं गेलं. गाडी जमिनीवर आली की ते पिळतं आणि परत लटकायच्या जागी जायला बघतं, म्हणजे आर्मला खाली आणि गाडीला वर ढकलतं. पहिले काही आठवडे गाडी छान उंच दिसते. ती उंची टॉर्शन बारची नसते, नव्या रबराची उसनी असते. खडबडीत रस्त्यावर ते रबर चिरतं, सुटतं, आणि गाडी बसते. मग बोल्ट आवळला जातो.

२००९ मध्ये ओमानमधल्याच रुस्ताककडच्या एका खजूरबागवाल्याची पिकअप पाच महिन्यांत तीनदा अशी आवळली गेली होती. दुसरीकडून बुश बदलून आणलेले, गाडी आमच्याकडे आली तेव्हा बोल्ट जवळपास संपलेला. मीही आधी बारवरच संशय घेतला. उस्तादांनी गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर, चारी चाकांवर उभी करायला लावली आणि खालच्या आर्मचे नट फक्त ढिले करायला सांगितले. बोल्ट काढायचा नाही, नट दोन-तीन आटे सैल. गाडी करकरली आणि एक बाजू बोटभर खाली आली. तेवढी उंची बुशांनी धरून ठेवली होती. नवे बुश घातले, उंची जुळवली, गाडी चालवून आणली आणि त्यानंतर, चाकं जमिनीवर असतानाच, नट टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळले.

नट ढिले करूनही उंचीत काही फरक पडला नाही, तर बुश निर्दोष. मग बार.

बारबद्दल सगळ्यात मोठी चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. डावा आणि उजवा बार दिसायला जुळे भाऊ असतात, पण अदलाबदल चालत नाही. कारखान्यात प्रत्येक बार त्याच्या कामाच्या दिशेने आधीच मर्यादेपलीकडे पिळून ठेवतात, म्हणजे पुढे त्या दिशेला तो बसत नाही. टोकावर डावा-उजवा अशी खूण किंवा बाण असतो. ग्रीस आणि चिखलाखाली ती मला दिसली नाही आणि मी ते उलटे घातले. गाडी दर आठवड्याला थोडी थोडी बसत गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. चुकीच्या बाजूला पिळलेल्या बारचा मात्र जातो, आणि फार दिवस चालवला तर बार तुटतोही. म्हणून बार काढायचाच असेल तर सैल करण्याआधी दोन्हींवर रंगाने खूण करा, आणि त्या खुणा पुसल्या जाणार नाहीत याची काळजी घ्या.

बारच्या अंगावरचा रंग शोभेचा नसतो. पीळ सगळ्यात जास्त पृष्ठभागावर येतो, म्हणून तिथला एक ओरखडा, पाइप पान्याचा चावा किंवा गंजाचा खड्डा पुरेसा असतो तुटायला. बारवर हातोडा नाही, वेल्डिंग मशीनची अर्थिंगची तार बांधायची नाही, त्याला धरून काही वाकवायचं नाही.

आणि काही वेळा कुणाचाच दोष नसतो, फक्त वजन वाढलेलं असतं. लोखंडी बुल गार्ड, विंच, दुसरी बॅटरी, सगळं पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकलेलं. अशा गाडीला जाड बार लागतो. बोल्ट आवळून उंची मिळेल, पण ब्रेक मारल्यावर नाक तेवढंच खुपसणार.

आता बोल्ट फिरवायचा असेल तर

वरचं सगळं तपासून झालं असेल तर काम अर्ध्या दिवसाचं आहे. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी बाहेरचे आटे वायर ब्रशने साफ करा. गंजलेल्या आट्यांवरून नट फिरवला की तो अडकतो, आणि मग माणूस लांब पाइप लावतो.

गाडी पुढून चेसिसला जॅक लावून उचला, चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या (भक्कम स्टँड), मागच्या चाकांना पाचर. आर्मखाली घोडी नको, चाकं लटकली पाहिजेत. म्हणजे बोल्टावरचा भार पुष्कळ कमी होतो. कमी होतो, संपत नाही. लटकलेल्या बारमध्येही पीळ उरलेला असतो, आणि बोल्ट पूर्ण निघाला तर अँकर तोंडावर येईल एवढ्या जोराने फिरतो. म्हणून अँकरच्या फिरण्याच्या रेषेत डोकं किंवा हात ठेवायचा नाही, बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत सोडायचा नाही, आणि हवेची गन वापरायची नाही. चेकनट सैल, आट्यांवर ग्रीस, मग हातपान्याने.

एका पूर्ण फेऱ्याला किती उंची वाढते ते गाडीगणिक बदलतं; मला बहुतेक गाड्यांत पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास मिळालं आहे. तो आकडा आपल्या गाडीवर स्वतः काढा: दोन्ही बाजूंना एकेक फेरा, गाडी खाली, चालवून आणा, मोजा. मग उरलेला हिशेब करा. दोन्ही बाजूंचे आटे समान दिसले पाहिजेत असा हट्ट नको. उंची समान हवी. पण दोन्हींत फार मोठा फरक पडत असेल, तर एका बाजूचा अँकर दाता चुकवून बसवलाय असं समजा.

बोल्ट संपला आणि गाडी अजून खालीच, तर अँकर काढून एक दाता पुढे बसवावा लागतो. हे काम बोल्टासारखं बारीक नसतं. समजा ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. बारीक जुळवणीसाठी काही गाड्यांत दोन टोकांना वेगवेगळे दाते असतात. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बारला आत ४० आणि बाहेर ४४ होते, त्यामुळे एक टोक एक दाता पुढे आणि दुसरं एक दाता मागे करून एका अंशाहूनही कमी फरक साधता यायचा. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम ज्याच्याकडे अँकर दाबून धरायचं अवजार आहे त्याच्याकडे द्या. दोन जॅक आणि एक कानस घेऊन हे करणारे मी बघितले आहेत, आणि त्यातल्या एकाचा तुटलेला अंगठाही.

किती उचलायची? कंपनीच्या मूळ उंचीपर्यंत निर्धास्त. त्यावर २५ मिलिमीटर चालून जातात, त्यापुढे मी हात लावत नाही. आकड्यापेक्षा चांगली परीक्षा ही: चाक-मडगार्ड अंतर आधी गाडी उभी असताना मोजा, मग चाक लटकवून मोजा. फरक ५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तुम्ही जास्त उचललीत, परत सोडा. चार बाय चार असेल तर पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टचे रबरी बूट बघा. कोन वाढला की त्यांच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, आणि पहिल्या पावसात जॉइंटमध्ये पाणी. ब्रेकचा होज पूर्ण लटकलेल्या चाकावर ताणला जात नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. मोठ्या टायरांसाठी गाडी अजून उचलायचा मोह असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आठवा. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल तिथे अडतो. बसलेली गाडी मूळ उंचीला आणणं हा बदल नाही.

अलाइनमेंट लगेच करू नका. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली) दोन्ही हलतात, हे खरं. पण बार आणि बुश जागेवर बसायला थोडं अंतर लागतं. मी ३००-४०० किलोमीटर चालवून परत मोजायला सांगतो, आकडे जुळले की चेकनट शेवटचा आवळतो, रंगाची नवी रेघ मारतो आणि मग अलाइनमेंटला पाठवतो. त्या दरम्यान स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही असं वाटलं, तर कॅस्टरही (ज्या आसावर चाक वळतं त्याचा पुढे-मागे कल) बघायला सांगा. बरेच जण फक्त टो जुळवून पैसे घेतात.

हेडलाइट मात्र त्याच दिवशी भिंतीवर पाडून खाली करून घ्या. नाक वर आलं की उजेडही वर जातो, आणि रात्री कशेडी घाटात समोरचा प्रत्येक ट्रकवाला तुम्हाला डिपर मारतो.